गळ्यांतील गांठ आणि घराण्याचा वारसा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. मी वैद्य नव्हें. मॅट्रिकची परीक्षा उतरून जन्मभर शाळेंत मुलांस शिकविलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहें. तथापि ज्या रोगाविषयीं मी बोलणार आहें, त्यांत डॉक्टरांच्या कौशल्याइतकेंच महत्त्व घरांतील वडील माणसांच्या सरळपणास आहे. म्हणून हा विषय आपणां सर्वांचा आहे.

कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस बिलगून, फुलपांखराच्या आकाराची एक ग्रंथि असते. तिला थायरॉइड म्हणतात. या ग्रंथींत दोन जातींच्या पेशी एकत्र नांदतात. बहुसंख्य पेशी रक्तांतील आयोडीन शोषून घेऊन शरीराच्या व्यापारांस आवश्यक असा रस तयार करतात. दुसऱ्या जातीच्या पेशी थोड्या. त्यांस ‘सी’ पेशी म्हणतात. त्यांचा आयोडीनशीं कांहीं संबंध नाहीं. त्या कॅल्सिटोनिन नांवाचा निराळाच रस रक्तांत सोडतात. या ‘सी’ पेशींपासून जो कर्करोग उद्भवतो, त्यास मेड्युलरी कर्करोग असें नांव आहे. थायरॉइडच्या दर शंभर कर्करोगांत असे सुमारें दोन ते चार आढळतात.

गळ्यास गांठ लागतांच कोणीं घाबरून जाऊं नये. अशा बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. परंतु गांठ वाढूं लागली, आवाज बसला, अथवा मानेंत दुसऱ्या गांठी हातास लागूं लागल्या, तर लेप लावीत बसण्यांत काळ दवडूं नये.

या रोगाचा शोध टप्प्याटप्प्यानें लागला. १९५९ सालीं अमेरिकेंतील हझार्ड, हॉक व क्राइल या तिघांनीं त्याचें स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केलें. १९६१ सालीं सिपल या डॉक्टरांनीं दाखविलें कीं, थायरॉइडचा कर्करोग आणि मूत्रपिंडावरील ग्रंथीची गांठ हीं दोन्हीं एकाच रोग्यांत आढळतात. १९६२ सालीं कॅनडांत कॉप यांस कॅल्सिटोनिनचा शोध लागला. आणि १९६६ सालीं इंग्लंडांतील विल्यम्स यांनीं या कर्करोगाचें मूळ ‘सी’ पेशींत आहे असें प्रतिपादन केलें.

या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. थायरॉइडच्या इतर कित्येक कर्करोगांवर किरणोत्सर्गी आयोडीन देतात. रोगट पेशी तें आमिष समजून गिळतात व मरतात. परंतु ‘सी’ पेशी आयोडीनला तोंडच लावीत नाहींत. तेव्हां तो उपाय येथें व्यर्थ होय. शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. मात्र रक्तांतील कॅल्सिटोनिन वाढलें कीं तें रोगाची वर्दी देतें. सिपल यांच्या निरीक्षणाचेंही तसेंच. मूत्रपिंडावरील ग्रंथींत गांठ असल्यास मधून मधून डोकें ठणकतें, घाम सुटतो, छाती धडधडते आणि रक्तदाब एकाएकीं चढतो. ती गांठ आधीं न शोधतां रोग्यास भूल दिली, तर प्राणावर बेतूं शकतें.

आतां मुख्य मुद्दा. दर चार रोग्यांपैकीं सुमारें एकास हा रोग वारशानें येतो. १९९३ सालीं असें सिद्ध झालें कीं, ‘रेट’ नांवाच्या एका जनुकांतील दोष या वारशाच्या मुळाशीं असतो. आई व बाप यांपैकीं एकांत हा दोष असला, तरी प्रत्येक अपत्यांत, मग तो मुलगा असो कीं मुलगी, तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. पूर्वीं अशा कुटुंबांतील सर्वच मुलांस वर्षानुवर्षें तपासावें लागे. जीं निर्दोष तींही सुटत नसत. आतां रक्ताची एकच जनुकपरीक्षा पुरते. दोष नाहीं असें ठरलें, तर तें मूल या धास्तींतून कायमचें मोकळें झालें. दोष असला, तर कर्करोग होण्यापूर्वींच थायरॉइड काढून टाकतां येते. शस्त्रक्रिया कोणत्या वयांत करावी हें दोषाच्या प्रकारावरून ठरतें. कांहीं प्रकारांत ती पांच वर्षांच्या आंत, तर अत्यंत उग्र प्रकारांत पहिल्या वर्षांतच करावी लागते.

धडधाकट मुलाच्या गळ्यास शस्त्र लावणें आईबापांस जड जातें, हें खरें. आवाजाची नस व शेजारच्या लहान ग्रंथि जपाव्या लागतात, म्हणून त्या कामीं अनुभवी शस्त्रवैद्यच हवा. पुढें जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागते. परंतु ती गोळी घेऊन मूल शिकतें, खेळतें, संसार करतें. रोग मानेंतून पुढें पसरल्यावर मात्र तो समूळ बरा करणें फार कठीण होतें.

असें असतां आपल्याकडे काय घडतें? घरांत कर्करोग निघाला कीं तो दाबून ठेवावयाचा, कारण मुलीचें लग्न व्हावयाचें आहे. चुलत्यास कळवावयाचें नाहीं, कारण वांटणीचा तंटा आहे. मामेभावंडें तर दूरच राहिलीं. ज्या भावाबहिणींस ही बातमी वेळेवर मिळती तर त्यांचीं लेंकरें वांचतीं, त्यांच्यापासूनच ती लपविली जाते. जनुकांतील दोष हा कोणाचा अपराध नव्हे, आणि कुळास कलंकही नव्हे. तो लपविल्यानें नाहींसा होत नाहीं. फक्त पुढल्या पिढीस तो उशिरां कळतो.

म्हणून माझी विनंति एवढीच. घरांत कोणास मेड्युलरी कर्करोग असल्याचें निदान झालें, तर हा वारशाचा आहे काय, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. जनुकपरीक्षा करवून घ्यावी. दोष निघाल्यास सख्ख्या-चुलत सर्व आप्तांस, भांडण असलें तरी, पत्र लिहून कळवावें. जमीनजुमल्याची वांटणी आपण कागदावर नीट लिहून ठेवतों. या वारशाचीही नोंद तशीच ठेवावी.