अरुंद परसदारांतील पोफळ



घराच्या वाटण्या होतात आणि परसदार अरुंद होत जातें. तेथें आंब्याफणसांस जागा उरत नाहीं. पोफळीस मात्र ती पुरते. पोफळ आडवी पसरत नाहीं, सरळ वर जाते. दोन रोपांत सुमारें ९ फुटांचें अंतर असलें म्हणजे झालें.

परंतु या सडपातळ झाडाचें एक मर्म आहे. आंब्याच्या खोडावरील जखम नव्या सालीनें भरून येते. पोफळीची कधींच भरत नाहीं. नैर्ऋत्येचें दुपारचें ऊन कोंवळ्या खोडास भाजतें, तेथें भेग पडते आणि पुढें वाऱ्यांत झाड नेमकें तेथेंच मोडतें. म्हणून त्या बाजूस केळी लावाव्या, किंवा गळून पडलेली तिचीच विरी खोडास बांधावी.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत दापोली-मंडणगडाकडील कित्येक बागा आडव्या झाल्या. धडधाकट झाडेंही पडलीं, हें खरें. वादळ आपल्या हातीं नाहीं, सावली आहे. पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. माझ्या वयाच्या माणसानें ती नातवंडांसाठीं लावावी आणि पहिल्या उन्हाळ्यापासूनच जपावी.