टोकन कोणाचे, कला कोणाची?
(पापनाशम, जि. तंजावर येथील भाषण)



'हरिदास' (१९४४) या चित्रपटाची गीते रचणाऱ्या पापनाशम शिवन यांनी या गावाचे नाव घरोघरी पोहोचविले. आज अशा कलावंतांना सांगितले जाते की, 'एनएफटी' हे डिजिटल टोकन विका म्हणजे दलाल नाहीसा होईल.

पण टोकन म्हणजे काय? संगणकीय खातेवहीतील एक नोंद! चित्र वा ध्वनिमुद्रण बहुधा अन्यत्रच साठविलेले असते. त्याचा प्रताधिकार ग्राहकाला आपोआप मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरना विकल्या गेलेल्या एका ट्वीटच्या टोकनचा एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लिलाव झाला, तेव्हा सर्वोच्च बोली ३०० डॉलरचीही नव्हती. ही कलेची किंमत नव्हे, हा सट्टा आहे. दलालही गेला नाही. टोकनांच्या बाजारपेठा दलाली घेतच राहिल्या.

कलावंताला खरा आधार २०१२ च्या प्रताधिकार कायदा दुरुस्तीने दिला. चित्रपटगृहाबाहेर गीत वापरले गेल्यास रॉयल्टीतील गीतकार-संगीतकारांचा समान वाटा कोणत्याही कराराने हिरावून घेता येत नाही. हा हक्क कागदावर न ठेवता प्रत्येक कलावंताच्या पदरात पाडणे, हेच आपले कार्य आहे.