विहिरीच्या आकड्यांचा काटा तपासा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाची गाडी घेऊन गेलात की आधी काटा बघता. पासंग आहे का, हे तपासल्याशिवाय माल टाकू देत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र कुणी सांगितलं, "तुमच्या भागात पातळी खालावलेली नाही," की आपण मान डोलावतो. हे कोणत्या काट्यावर तोललं, ते विचारत नाही. आज तेवढ्याच विषयावर बोलायचं आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. उपसा किती, पातळीचा कल कुठे, हे बघून पाणलोटावर सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित किंवा अतिशोषित असा शिक्का बसतो. अतिशोषित ठरलेल्या ठिकाणी नव्या विहिरीला योजनेतून मंजुरी मिळणं अवघड. तेव्हा कल कसा काढला, हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही, पोटाचा आहे.

समजा, एका विहिरीत दर मे महिन्यात काठापासून किती फुटांवर पाणी लागलं ते सहा वर्षं लिहून ठेवलं. पहिली पाच वर्षं ३०, ३२, ३१, ३४, ३६. मग एक पावसाळा धो धो झाला आणि सहाव्या वर्षी पाणी १८ फुटांवर लागलं. आता पाणी खाली चाललं आहे की वर?

पहिली रीत सरळ रेषेची. सगळ्या आकड्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी एक रेषा काढायची. उत्तर येतं, पाणी दरसाल सुमारे १.३ फूट वर येत आहे! चार वर्षांची घसरण एका ओल्या सालाने पुसून टाकली. कारण या रीतीत अंतराचा वर्ग धरतात. जो आकडा सर्वांत फटकून, त्याचं वजन सर्वांत जास्त. तो शेवटच्या वर्षी आला तर साऱ्या रेषेला पहारीसारखा उचलतो.

दुसरी रीत मान यांनी १९४५ मध्ये मांडली आणि केंडॉल यांनी १९४८ मध्ये तिला पक्कं रूप दिलं. इथे आकडा कितीने मोठा ते बघत नाहीत. आधीच्यापेक्षा नंतरचा मोठा की लहान, एवढंच बघतात. सहा वर्षांच्या १५ जोड्या होतात. आपल्या विहिरीत ९ जोड्यांत पाणी खाली गेलं, ६ जोड्यांत वर आलं. त्या ओल्या सालाला त्याच्या ५ जोड्यांपुरतंच मत. कलकत्त्यात शिकलेले प्रणब कुमार सेन यांनी १९६८ मध्ये याच विचाराने उतार मोजण्याची रीत पक्की केली. प्रत्येक जोडीत दरसाल किती फरक पडला ते काढा, क्रमाने लावा, मधला आकडा उचला. उत्तर येतं, पाणी दरसाल १ फूट खाली. तीच विहीर, तेच आकडे. एक काटा वर म्हणतो, दुसरा खाली.

मग घसरण सिद्ध झाली का? नाही. सहा आकडे ७२० प्रकारे मांडता येतात. ९ किंवा त्याहून जास्त घसरत्या जोड्या त्यांतल्या २५९ मांडण्यांत येतात. तेव्हा हा योगायोगही असू शकतो. सहाव्या वर्षी पाणी ३५ फुटांवर लागलं असतं, तर घसरत्या जोड्या १३ झाल्या असत्या, आणि तेवढ्या फक्त २० मांडण्यांत येतात. त्याला योगायोग म्हणणं कठीण. पण लक्षात ठेवा, "सिद्ध झालं नाही" म्हणजे "घडलं नाही" असं नव्हे. सहा वर्षं कमी पडतात, एवढाच त्याचा अर्थ. अहवालात या दोन वाक्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

दुसरा काटाही निर्दोष नाही. दुष्काळाची तूट पुढच्या सालावर चढते. साल सालाला बांधलेलं असलं की ही रीत नसलेला कलही दाखवू शकते. त्यावरची दुरुस्ती हमेद आणि राव यांनी १९९८ मध्ये दिली. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करायची, ही ऋतुवार रीत १९८२ पासून आहे. आणि आकड्यांत फटकून असलेलं साल नसेल, तर सरळ रेषा चांगलंच काम देते.

काट्याइतकंच महत्त्व काट्यावर काय टाकलं याला. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताचा, म्हणजे आपल्या विदर्भासकट, १९५१ ते २००० चा पाऊस तपासला. पावसाळ्याच्या एकूण बेरजेत ठळक कल सापडला नाही. पण अतिवृष्टीचे दिवस वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. बेरीज तीच, पण कपाशी आणि ज्वारी बेरजेवर पिकत नाहीत. खंड पडला की पातेगळ होते, झोडपलं की माती वाहून जाते.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे आकडे घेतले? कोणती रीत लावली, आणि दुसरी लावली तर काय येतं? कल "नाही" की नुसता "सिद्ध झाला नाही"?

आणि गावात एक वही घाला. दर वर्षी मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, उपसा बंद ठेवून, त्याच विहिरीत, त्याच काठावरून दोर सोडा आणि आकडा तारखेसह लिहा. जोड्या मोजायला सातवीची पोरंही पुरेत. आपली वही हातात असली, तर समोरच्याला आपल्याशी हिशेबाने बोलावं लागेल. आधी काटा तपासू, मग वजन मान्य करू.