यंत्र अडले तरी दप्तर अडू नये

(कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मला देण्यात आलेला विषय दिसायला लहान आहे. लॅपटॉप सुरू करावा, पडद्यावर कंपनीचे नाव उमटावे, ठिपक्यांचे वर्तुळ क्षणभर फिरावे, आणि काही कळण्यापूर्वीच पडदा काळा होऊन पुन्हा कंपनीचे नाव उमटावे. असे दहा वेळा, वीस वेळा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मार्चअखेरीस किंवा शाळेत माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी हा प्रकार घडला, म्हणजे विषय किती मोठा आहे याची प्रचीती येते. मी कलाशाखेचा पदवीधर, यंत्रज्ञ नव्हे. परंतु या बिघाडात जे नुकसान होते ते बहुतेक वेळा यंत्रामुळे होत नाही, आपण घाईने केलेल्या उपायामुळे होते, असे माझे निरीक्षण आहे. आणि त्याविषयी बोलण्यास यंत्रज्ञ असावे लागत नाही.

आपण ज्या गावात जमलो आहोत, त्याच्या डोंगरातील लेण्यांत एक लहानसा शिलालेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढीच त्यातील नोंद. सुमारे दोन हजार वर्षे ती नोंद पाऊस, धबधबा आणि शेवाळ यांना न जुमानता टिकून आहे. आपल्या नोंदींना ते भाग्य नाही. त्या वाचण्यासाठी आधी यंत्र जागे व्हावे लागते.

प्रथम भीतीचे प्रमाण ठरवू या. लॅपटॉप बंद पडला म्हणजे गावाचे सर्व दप्तर गेले, असा समज आढळतो. तो खरा नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून नागरिकांना मिळू लागला. त्याची मूळ नोंद कोणाच्याही लॅपटॉपमध्ये नसते. ई-ग्रामस्वराजवरील हिशेब, शालार्थमधील वेतन, यू-डायसवरील शाळेची माहिती, हे सर्व दूरच्या सर्व्हरवर असते आणि दुसऱ्या यंत्रावरूनही पाहता येते. धोका असतो तो डेस्कटॉपवरील त्या पिवळ्या फोल्डरांना: नमुना ८ च्या दुरुस्तीसाठी तयार केलेले तक्ते, ग्रामसभेच्या इतिवृत्ताचे कच्चे टिपण, घरकुलाच्या लाभार्थ्यांची छायाचित्रे, शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमविलेले स्वाध्याय. या वस्तूंची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून बिघाड झाला की पहिला प्रश्न ‘यंत्र केव्हा सुरू होईल’ हा नव्हे. ‘आत काय आहे आणि त्याची प्रत कोठे आहे’ हा होय.

आता यंत्र सुरू होते म्हणजे काय होते, ते पाहू. आपल्याला ग्रामसभेचा अनुभव आहे. आधी गणपूर्ती पाहिली जाते, मग मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते, मग विषयपत्रिकेवरील कामकाज सुरू होते. लॅपटॉपचेही तसेच. बटण दाबताच यंत्राच्या पाटीवरील एक छोटा कार्यक्रम वीज, रॅम, कळफलक यांची हजेरी घेतो. नंतर तो डिस्क शोधतो आणि तिच्यावरील विंडोजला बोलावतो. मग विंडोज आपले सहायक, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, त्यांना एकेक करून उभे करते. कोणत्याही टप्प्यावर अडले की सभा तहकूब होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे सभा नेमकी कोठे तहकूब झाली, हे पाहणे म्हणजे अर्धे निदान होय. कंपनीचे नाव उमटण्यापूर्वीच यंत्र बंद होत असेल तर दोष बहुधा वीज, बॅटरी किंवा रॅम यांत असतो. ठिपके फिरताना बंद होत असेल तर डिस्क किंवा विंडोज. सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे चालून मग बंद होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. हे नियम अपवादरहित नाहीत. पण दुरुस्ती करणाऱ्याला ‘चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘ठिपके आल्यावर पाच सेकंदांनी बंद होतो’ असे सांगणे कितीतरी उपयुक्त असते.

घरच्या घरी करण्याचे उपाय सोपे आहेत. लॅपटॉपला जोडलेले सर्व काही काढावे: पेन ड्राइव्ह, प्रिंटर, माउस, आणि डिजिटल स्वाक्षरीचा डोंगलसुद्धा. जोडलेल्या एखाद्या वस्तूतील दोषाने किंवा विसरलेल्या पेन ड्राइव्हने आरंभ अडल्याची उदाहरणे कमी नाहीत. मग चार्जर काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. त्यानंतर केवळ चार्जर जोडून पाहावे. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे कळफलक किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर मात्र काहीही न करता यंत्र बंद ठेवावे. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

विजेविषयी एक गैरसमज येथे दूर करणे अवश्य आहे. खोपोलीच्या विद्युतगृहातून १९१५ मध्ये आणि भिवपुरीच्या विद्युतगृहातून १९२२ मध्ये मुंबईला वीज जाऊ लागली. त्याच परिसरातील वाड्यांत आज विजेचा दाब कमीजास्त होतो, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण कमी दाबामुळे लॅपटॉप पुन्हापुन्हा सुरू होतो, हे सहसा खरे नसते. चार्जरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. तेवढा चढउतार तो सहन करतो. घात होतो तो वळवाच्या आणि परतीच्या पावसात, वीज कडाडत असताना प्लग तसाच ठेवल्याने, आणि बाजारातून आणलेल्या बनावट चार्जरमुळे. यंत्राला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात हे त्याच्या तळाशी लिहिलेले असते. चार्जर बदलताना ते आकडे जुळवून पाहावेत. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे होत नाही.

उष्णतेचे कारण आपल्या कार्यालयांत विशेष आढळते, कारण लॅपटॉप फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवण्याची आपल्याला सवय आहे. त्याच्या तळाशी हवा घेण्याच्या खाचा असतात. त्या झाकल्या गेल्या, किंवा पंख्यात धूळ साचली, की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी स्वतःच बंद होते. तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ओलाव्याने रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर गंज धरतो. जाणकाराने रॅम काढून, पुसून, पुन्हा बसविली आणि यंत्र चालू झाले, असे पुष्कळदा घडते. दुकानात नेण्यापूर्वी हे ठाऊक असावे, म्हणजे नवी पाटी घेण्याचा सल्ला लगेच मानला जाणार नाही.

एवढ्याने भागले नाही तर दोष विंडोजच्या बाजूस असण्याचा संभव वाढतो. आरंभ लागोपाठ काही वेळा फसला की विंडोज १० आणि ११ आपोआप दुरुस्तीचा निळा पडदा दाखवितात. तेथे ‘ट्रबलशूट’ आणि त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे. ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पहिला उपाय. अलीकडे एखादे अपडेट झाले असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा दुसरा. तिसरा ‘स्टार्टअप सेटिंग्ज’. यातील चौथा पर्याय ‘सेफ मोड’. यात विंडोज अगदी मोजके सहायक घेऊन उभे राहते, आणि ते तसे उभे राहिले तर डिस्क शाबूत असून दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये किंवा नव्याने घातलेल्या कार्यक्रमात आहे, असा अर्थ निघतो. नववा पर्याय फारसा कोणी वापरत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी. यंत्र कोसळले की लगेच पुन्हा सुरू व्हावे, अशी विंडोजची मूळ मांडणी आहे. त्यामुळे चुकीचा संदेश वाचण्यापूर्वीच तो निघून जातो. नववा पर्याय निवडला की यंत्र त्या संदेशावर थांबते. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे असेल तर डिस्ककडे किंवा तिच्या ड्रायव्हरकडे, ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे असेल तर आधी रॅमकडे पाहावे लागते.

हा बिघाड केवळ आपल्या जुन्या यंत्रांना होतो असे नाही. शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे अशीच पुन्हापुन्हा सुरू होऊ लागली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाला पाठविलेली एक सदोष फाइल, एवढेच त्याचे कारण होते. मुंबई व दिल्लीच्या विमानतळांवर सेवा विस्कळीत झाल्या. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकणे. परंतु असंख्य यंत्रांसमोर माणसाने प्रत्यक्ष बसून ते करावे लागले, आणि ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती तेथे आधी ४८ अंकी किल्ली मागितली गेली. ती कोठे ठेवली आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांचे काम काही मिनिटांत झाले. इतरांचे अडून राहिले.

मित्रहो, या किल्लीविषयी मला थोडे थांबून बोलावयाचे आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कचे हे कुलूप आपोआप लागते. पहिल्यांदा यंत्र सुरू करताना जो कोणी आपले मायक्रोसॉफ्ट खाते घालतो, त्याच्या खात्यात ती किल्ली जमा होते. आपल्या कार्यालयांत हे काम कोण करतो? संगणक परिचालक किंवा त्या वेळचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. किंवा शाळेतील सर्वांत तरुण शिक्षक. ते स्वतःच्या मोबाइलवरील खाते घालतात, त्यात त्यांचा दोष नाही, दुसरे खाते उपलब्धच नसते. पुढे बदली होते. मोबाइल क्रमांक बदलतो. आणि एके दिवशी यंत्र अडते, पडदा ४८ अंक मागतो, आणि पंचायतीच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या तालुक्यातील कोणाच्या तरी खिशात आहे असे आढळते. किल्लीशिवाय ती डिस्क कोणताही दुकानदार उघडू शकत नाही; ते कुलूप त्यासाठीच केलेले आहे. पदभार देताना शिक्के, पासबुके, नोंदवह्या यांची यादी होते. त्या यादीत ही किल्ली असलीच पाहिजे. ती कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, कार्यालयाच्या कपाटात ठेवावी, आणि खाते कार्यालयाच्या नावाचे करावे.

शेवटी दुकानाविषयी. ‘विंडोज मारून देतो, तासाभरात घेऊन जा’ हे वाक्य आपण ऐकलेले आहे. दुकानदार खोटे बोलत नाही. यंत्र खरोखरच तासाभरात चालू होते. पण विंडोज मारणे म्हणजे पुष्कळदा डिस्क कोरी करणे होय. खालापूर तालुक्यातील एका शाळेत याच मार्गाने अकरा वर्षांची छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचे तक्ते गेले. जनरल रजिस्टर कागदावर होते म्हणून दाखल्यांचे काम थांबले नाही. तक्ते मात्र त्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा टंकित केले. जुन्या फिरत्या डिस्कवरून फॉरमॅटनंतरही काही परत मिळविता येत असे. आताच्या एसएसडीमध्ये ती आशा फारच थोडी. म्हणून यंत्र देताना कागदावर लिहून द्यावे: ‘आधी माहिती बाहेर काढणे, नंतर दुरुस्ती, फॉरमॅट करण्यापूर्वी विचारणे.’ डिस्क काढून, यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या यंत्राला लावून प्रत घेता येते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवूनही घेता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा एकदाही सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाने ती अधिक बिघडते. विंडोजमधील ‘रिसेट’ वापरावयाचेच असेल तर ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडावा. त्याने कार्यक्रम जातात, फाइली राहतात. प्रत घेतल्याशिवाय तेही करू नये, असे माझे मत आहे.

अनेक शाळांत अजून विंडोज १० ची यंत्रे आहेत. त्या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती यंत्रे उद्याच बंद पडतील असे नाही, पण त्यांच्यावरील कामाची दुसरी प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घेणे आता टाळता येणार नाही. शुक्रवारी सायंकाळी, कार्यालय बंद करण्यापूर्वी, दहा मिनिटे पुरतात. प्रत घेतल्यावर ती डिस्क लॅपटॉपला लावून ठेवू नये, आणि त्याच पिशवीतही ठेवू नये.

ज्यांनी आपापले लॅपटॉप आणले आहेत त्यांनी ते चार्जरसह पुढील मेजावर ठेवावेत. प्रथम प्रत्येकाची किल्ली कोणाच्या खात्यात आहे ते पाहू. ती सापडेपर्यंत आज कोणतेही यंत्र उघडावयाचे नाही.