अपघातातून वाचलेले मूल आणि शिक्षक



२४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातील मासाईपेट येथे, पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावर, नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरची धडक शाळेच्या बसला बसली. अनेक बालके दगावली, काही वाचली. पनवेल तालुक्यातूनही लोहमार्ग जातात. म्हणून वाचलेल्या मुलांचा विचार येथील शिक्षकांनीही करावा.

हाड सांधते, जखम भरते. परंतु डोक्यास बसलेला मार बाहेरून दिसत नाही. शाळेत परतलेले मूल विसरू लागले, चिडू लागले, तर त्यास आळशी समजून शिक्षा करू नये. पालकांस कळवून डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सांगावे. अभ्यास हळूहळू वाढवावा. खेळास डॉक्टरांची अनुमती असावी. वारंवार वांती, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाडीच्या शिटीने मूल दचकल्यास कोणी हसू नये. शिक्षकाने त्याच्याजवळ बसावे.