पेस्टो नावाची चटणी

आम्ही भाईंदरजवळच्या खारी गावातल्या बचत गटाच्या बाया. आज चटणीबद्दल बोलणार आहोत, आणि आमच्याकडून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आमच्या गटातली एक ताई टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. तिथल्या मॅडमनी तिला हिरव्या वाटणाची एक बाटली दाखवली. नाव पेस्टो. ताईने चव घेतली आणि आम्हाला येऊन सांगितलं, "अगं, चटणीच आहे. मिरची विसरलेत एवढंच." ती चुकीचं बोलली नव्हती. पेस्टो या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी कुटलेलं, वाटलेलं असा आहे. जेनोवा शहराकडचा हा पदार्थ. त्यात बेसिलची पानं, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, सगळं दगडी खलात कुटलेलं. आणि बेसिल म्हणजे आपला सब्जाच! फालुद्यात बी घालतो आपण, पानांकडे कुणी बघत नाही.

मॅडमनी असंही सांगितलं की परदेशात काही लोक रानातून नेटल नावाचा पाला आणून त्याचा पेस्टो करतात. या पाल्याला बारीक काटेरी लव असते, हात लागला की आग होते. उत्तराखंडात तसलीच वनस्पती कंडाळी किंवा सिसूण म्हणून भाजीला वापरतात. चिमट्याने तोडायची आणि उकळत्या पाण्यात टाकायची, की खाज जाते. आपल्याला यात नवल काय? शेवळं काकडाच्या फळाशिवाय आपण शिजवतो का? अळूला चिंच लागतेच. पण हे ऐकून कुणी खाजकुयलीच्या वाटेला जाऊ नका. ती वेगळी, आणि तिची खाज काय असते ते ज्याला लागलीय त्याला विचारा.

आम्ही आपल्याकडचा पाला निवडला, आंबुशी. पावसात कुंडीत, बांधावर आपोआप येते. हृदयाच्या आकाराची तीन-तीन पानं, पिवळं बारीक फूल, चव आंबट. त्यामुळे लिंबू लागत नाही. प्रमाण असं: दोन वाट्या कोथिंबीर, एक वाटी आंबुशी, अर्धी वाटी पुदिना, पानओव्याची चार पानं (जास्त नको, उग्र होतं), अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, चीजऐवजी दोन चमचे भाजलेले तीळ, सहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, मीठ आणि चार चमचे शेंगदाण्याचं तेल. पाला तीन पाण्यांत धुवा, आंबुशी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा. रंग थोडा उतरतो, उतरू दे. पाट्यावर वाटलंत तर उत्तमच. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, भांडं तापलं की पुदिना काळा पडतो. तेल शेवटी, कच्चंच. तांदळाच्या भाकरीवर घ्या, पावाला लावा, मुलांच्या शेवयांत कालवा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र आंबुशी टाळावी. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं.

आता चूक सांगतो. मॅडमच्या ओळखीतून वीस बाटल्यांची मागणी आली. आंबुशी कमी पडली. गटातली एक बाई सकाळी लवकर उठून मोठी पिशवी भरून घेऊन आली. टवटवीत, हिरवीगार. कुठून आणली विचारलं तर नाल्याच्या कडेची. तोवर निम्मी वाटून झाली होती. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. शेंगदाणे गटाच्या पैशातून आणलेले, त्या बाईने त्या दिवशी घरकाम बुडवलेलं. एकजण म्हणाली, धुतलंय ना तीनदा! पण नाल्याच्या पाण्यातले जंतू नुसत्या धुण्याने जातीलच असं नाही, आणि मुळातून पानात चढलेलं काही असेल तर ते? सगळं फेकलं. ती बाई रडली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. आम्ही तिला आधी सांगितलंच नव्हतं कुठून तोडायचं, कुठून नाही. हा दोष तिचा नव्हे, आमचा.

आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया मोरसाची भाजी खाऊन वाढल्या. खाऱ्या जमिनीत उगवते, पानंच खारट, मीठ घालावं लागत नाही. आता खाडीत सांडपाणी सोडलेलं दिसतं, म्हणून तिथून आम्ही पाला आणत नाही. त्यांना याचं वाईट वाटतं, आम्हालाही वाटतं. रेल्वे रुळालगतचा आणि रस्त्याकडेचा पालाही नको.

दुसरी गोष्ट बाटलीची. वर तेल ओतून चटणी फळीवर महिनाभर ठेवायचं आमच्या मनात होतं, लोणच्यासारखं. तसं करू नका. लसूण मातीतून येतो, त्यावर मातीतले जंतू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथेच ते वाढून विष करतात. त्याला बोटुलिझम म्हणतात. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. म्हणून चटणी फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. जास्त केली तर बर्फाच्या साच्यात गोठवा, हवी तेवढी वडी काढा. विकायची असेल तर आधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या.

मागणी आम्ही वीसवरून आठ बाटल्यांवर आणली, सकाळी वाटून संध्याकाळी पोचत्या करायच्या. पैसे कमी मिळाले. ती बाई तिसऱ्या बैठकीला आली. आता तिच्या गच्चीत तेलाच्या जुन्या डब्यांमध्ये आंबुशी आणि पानओवा लावलाय, गट तिच्याकडून जुडीने विकत घेतो. सब्जाचं बीही तिने पेरलंय. पानं हाताला येतील तेव्हा त्याची चटणी करून बघणार आहोत.