बंद दाराच्या आतलं जेवण

(पदवीधर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. करणारी आपली मुलं-मुली मला दरवर्षी एक प्रश्न विचारतात. “मॅडम, या कादंबऱ्यांमध्ये आपलं काय आहे?” बंगले, बग्ग्या, ऑपेरा, मेजवान्या, आणि तीनशे पानं एकच घोर : कुणाचं लग्न कुणाशी. ज्याच्या आईने कापूस वेचून फी भरली, त्याने हे का वाचावं? मीही मराठी माध्यमातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. आज एकच कादंबरी समोर ठेवते आणि तिच्या आधाराने उत्तर देते.

कादंबरीचं नाव ‘द एज ऑफ इनोसन्स’. लेखिका ईडिथ व्हार्टन. १९२० साली पुस्तक आलं, १९२१ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी तो पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. व्हार्टन १८६२ साली न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंत घराण्यात जन्मली. कादंबरीत तिने १८७० च्या दशकातला आपला तोच समाज उभा केला आहे.

कथा अशी. न्यूलंड आर्चर हा तरुण वकील. मे वेलंड या तोलामोलाच्या घरातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं आहे. तेवढ्यात मेची बहीण, एकाच आजीची नात, एलेन ओलेन्स्का युरोपातून परत येते. छळणाऱ्या नवऱ्याला, एका पोलिश उमरावाला, ती सोडून आली आहे. तिला घटस्फोट हवा आहे. घरच्यांना तो नको आहे. तिचं मन वळवायचं काम आर्चरवरच सोपवलं जातं. तो ते करतो आणि तिच्या प्रेमात पडतो.

आता जरा कादंबरी मिटून ठेवू. १९१३ साली बाबासाहेब याच न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी ना रक्तात शोधलं, ना धंद्यात. त्यांनी बोट ठेवलं ते लग्नावर. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, आणि कोंडून घ्यायची कडी म्हणजे गटातल्या गटात लग्न. हा कोंडवाडा टिकवायचा तर बाईवर पहारा ठेवावाच लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांचा उगम त्यांनी तिथे दाखवला.

ही किल्ली हातात घेऊन पुन्हा कादंबरी उघडा. एलेनचा एवढा धसका का? ती कुमारिका नाही, विधवा नाही, नवऱ्याच्या घरात नांदणारीही नाही. कोणत्याच खणात न बसणारी बाई मोकळी राहिली, तर ती कुणाचंही ठरलेलं लग्न मोडू शकते. म्हणून तिला एक तर नवऱ्याकडे परत पाठवायचं, नाही तर नजरेआड करायचं.

आणि हे सगळं होतं कसं? कोणी आवाज चढवत नाही. एलेनच्या स्वागतासाठी मेजवानी ठरते. दोन दिवसांत जवळपास सगळ्यांचा नकार येतो, तोही एकसारख्याच शब्दांत, जणू सगळ्यांना एकाच माणसाने मजकूर सांगितला असावा. घटस्फोटाचं बघा. कायद्याने तो मिळू शकतो, रीत मिळू देत नाही. शेवटी एलेन युरोपला परत जायला निघते, तेव्हा आर्चर आणि मे तिला निरोपाचं जेवण देतात. ताटांवरून नजर फिरवताना आर्चरला उमगतं की या टेबलावरचा प्रत्येक जण त्याला आणि एलेनला चोरून संबंध ठेवणारी जोडी समजतो आहे, आणि त्यांची ताटातूट सर्वांनी मिळून, एकही शब्द न बोलता, आधीच ठरवून टाकली आहे. सगळे हसत आहेत, वाढप चालू आहे, आणि त्याच जेवणात एका बाईला समाजाबाहेर काढलं जात आहे. ही पंगत आपल्याला ओळखीची नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून ही कादंबरी आपल्या कामाची आहे. काटे-चमचे कळले नाहीत तरी बिघडत नाही. शिव्या देणारी जात आपल्याला गावात ओळखता येते. हसून बोलणारी जात ऑफिसात, विद्यापीठात, भाड्याने खोली बघायला गेल्यावर भेटते. आडनाव विचारलं जातं आणि खोली “कालच गेलेली” असते. सभ्य नकाराची ही भाषा कशी तयार होते, ते आतल्या माणसाने लिहून ठेवलं आहे. ते आपण वाचून ठेवावं.

पण कादंबरीची मर्यादाही सांगायला हवी. त्या न्यूयॉर्कमध्ये ब्यूफोर्ट नावाचा एक सावकार आहे. त्याची बँक बुडते आणि समाज त्याला वाळीत टाकतो. सव्वीस वर्षांनी, शेवटच्या प्रकरणात, आर्चरचा मुलगा त्याच ब्यूफोर्टच्या मुलीशी, तीही एकेकाळच्या रखेलीपासून झालेल्या मुलीशी, लग्न ठरवतो. कोणाला काही वाटत नाही. वर्गाचं दार एका पिढीत किलकिलं झालं. जातीचं दार असं उघडत नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं सुमारे ५ टक्केच आढळली.

दुसरी मर्यादा कादंबरीच्या कोपऱ्यात उभी आहे. मेच्या आजीच्या घरात एक मिश्रवर्णी मोलकरीण येते-जाते. तिला बोलायला जागा नाही, तिचं लग्न कोणाच्या चर्चेत नाही. अमेरिकेतली खरी बंद भिंत तिच्यापाशी होती. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर अनेक राज्यांत कायद्यानेच बंदी होती. ती १९६७ साली, लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. व्हार्टनने दार आतून पाहिलं. बाबासाहेबांनी ते बाहेरून पाहिलं, म्हणून त्यांना अख्खी इमारत दिसली.

आपल्याकडे दार ठोठावण्याची किंमत वेगळी आहे. आर्चर आणि एलेन दुःखी झाले, पण जगले. २०१६ साली तमिळनाडूत उडुमलपेटला शंकर या दलित इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला भरदिवसा रस्त्यावर कोयत्यांनी मारलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पत्नी कौसल्या जखमी होऊन वाचली, आणि पुढे जातीविरुद्ध उभी राहिली. १९५४ चा विशेष विवाह कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्यातली ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि हवी ती बातमी नको त्या घरी पोहोचते. कायदा एक बोलतो, रीत दुसरं करून दाखवते. फरक एवढाच की तिथे रीतीच्या हातात निमंत्रणपत्रिका होती.

आता शेवटचं, जरा टोचणारं. त्याच निबंधात बाबासाहेबांनी अनुकरणाबद्दल सांगितलं आहे : वरच्यांनी दार लावलं, ते बघून खालच्यांनीही आपापली दारं लावली. आज आपल्यातली मुलं शिकली, नोकरीला लागली. विवाहमंडळाच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना मात्र आपण बिनबोभाट भरतो. “आमचं काही नाही हो, पण घरच्यांना चालणार नाही,” असं गोड बोलतो. हे वाक्य व्हार्टनच्या कोणत्याही पात्राच्या तोंडी शोभेल. मुलीच्या जिवाच्या भीतीने एखादी आई आंतरजातीय लग्नाला नाही म्हणते, ते मी समजू शकते. पण आपल्याच शेजारच्या पोटजातीत कोणाच्या जिवाला धोका आहे? तिथे नकार कशासाठी?

‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच सांगितला. सहभोजनाने तेवढं होणार नाही, हेही बजावलं. व्हार्टनच्या कादंबरीतलं ते निरोपाचं जेवण वाचलं की ते का, हे लख्ख कळतं. एका टेबलावर बसून जेवता येतं आणि दार तरीही बंद ठेवता येतं.

तेव्हा मित्रांनो, अभ्यासक्रमात अशी कादंबरी आली तर बिचकू नका. तीन प्रश्न विचारत वाचा. दार कोण लावतं? पहारा कोणावर आहे? आणि ताटं कोण उचलतं? उत्तरं मिळाली की घरी जाऊन हेच तीन प्रश्न आपल्या उंबऱ्याशी उभं राहून विचारा. परीक्षेत मार्क पहिल्या उत्तरांना मिळतील. दुसरी उत्तरं द्यायला आई-बापासमोर, काका-मामांसमोर तोंड उघडावं लागेल. शिकलेल्या माणसाने तेवढं करावं, एवढीच अपेक्षा आहे.

जय भीम.